कालवं काढायची वेळ

आमच्या चित्रकलेच्या बाईंनी बावीस वर्षांत मला एकदाही नावाने हाक मारली नाही. मी भूगोल शिकवतो, म्हणून मी भूगोल. गणिताचे सर गणित, पीटीचे सर पीटी आणि मुख्याध्यापक ऑफिस. तेही तोंडावर. "अहो ऑफिस, ब्रश संपलेत," असं त्या भर स्टाफरूममध्ये म्हणायच्या आणि मुख्याध्यापक निमूटपणे डायरीत लिहून घ्यायचे. ते का लिहून घ्यायचे हे मला कधी कळलं नाही. त्यांना विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

बाई मूळच्या कोकणातल्या, समुद्राकाठच्या एका लहान गावच्या. तरुणपणी नोकरीसाठी नाशकात आल्या आणि निवृत्त होईपर्यंत गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकट्या राहिल्या. मिसळ त्यांना इथली लागायची, थंडी इथली मानवायची, पण घड्याळ मात्र गावचं. सकाळी वर्गात शिरल्या की फळ्याच्या कोपऱ्यात आधी तिथी लिहायच्या, तिच्याखाली भरतीची वेळ, तिच्याखाली ओहोटीची. आता नाशिक कुठे आणि समुद्र कुठे. मधे अख्खा सह्याद्री आडवा पडलाय. आपल्या गोदावरीला पूर येतो बाई, भरती येत नाही, असं मी नवा असताना त्यांना सांगून पाहिलं होतं.

"तिथीची पाऊणपट करा, भूगोल," त्या म्हणाल्या. "आज चतुर्थी. चारची पाऊणपट तीन. तीनला भरती. त्यात सहा मिळवा, नऊला ओहोटी. तुमच्या पुस्तकात हे नाही, म्हणून तुम्हाला शंका येतात."

मी वाचनालयात जाऊन मुंबईच्या पेपरातल्या भरतीच्या वेळांशी पडताळून पाहिलं. वीस-पंचवीस मिनिटांच्या फरकाने बरोबर निघालं. त्यानंतर मी त्यांच्या वाटेला गेलो नाही.

पोरं माझ्यापेक्षा हुशार. त्यांनी पहिल्याच महिन्यात ताडलं होतं की बाईंचा स्वभावही याच वेळापत्रकावर चालतो. ओहोटीच्या सुमाराला बाई खुशीत असायच्या, गुणगुणायच्या, डब्यातला चिवडा वाटायच्या. भरतीला त्यांच्यासमोर वही नेली तर चित्र पुन्हा काढावं लागे. त्यामुळे मधल्या सुट्टीत आमच्या शाळेची मुलं पंचांग बघायची. धार्मिक संस्कारांचा परिणाम म्हणून एका पाहुण्यांनी याचं भाषणात कौतुकही केलं. आम्ही कोणी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

शिकवायची त्यांची रीत एका प्रश्नावर उभी होती. बघितलंस का? एवढंच. प्रत्येक शाळेत प्रत्येक पोर एक चित्र काढतं: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी. बाई ते चित्र हातात घेत आणि शांतपणे विचारत, "हे डोंगर कुठले? बघितलेस का?" पोरगं गप्प. "मग कोणाचं बघून काढलंस?" पोरगं आणखी गप्प. मखमलाबादकडची एक मुलगी होती. घरची भाजीची शेती. तिने एकदा मेथीची जुडी काढली. नुसती जुडी, दोऱ्याने बांधलेली, मुळांना माती. बाईंनी ते पान सगळ्या वर्गांतून फिरवलं. "हिने बघितलंय," असं सांगत त्या सातवी अ पासून दहावी क पर्यंत हिंडल्या. त्या मुलीची आई दुसऱ्या दिवशी जुड्यांची पाटीच घेऊन शाळेत आली. आठवडाभर आम्ही सगळे मेथी खात होतो.

स्वतः बाई एकच चित्र काढत होत्या. नऊ वर्षं. नऊ फूट रुंद कॅनव्हास, तैलरंग, चित्रकलेच्या वर्गाची मागची भिंत अडवून उभा. वर्गात कायम जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास. नऊ वर्षं लागायचं कारण असं की त्या फक्त ओहोटीच्या वेळी रंगवायच्या. ओहोटी शाळेच्या वेळेत आली तर मोकळ्या तासाला. एकदा पालकसभा ऐन रंगात आलेली असताना त्यांनी घड्याळ बघितलं, पर्स उचलली आणि चालू लागल्या. एक पालक त्यांच्याशीच बोलत होते. ते बिचारे वाक्य संपवून माझ्याकडे वळले.

चित्र कालवांचं होतं. इकडच्या लोकांना सांगायला हवं, कालवं म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, आत मऊ मांस. ओहोटीला खडक उघडे पडले की बायका लोखंडी कोयती घेऊन जातात आणि एकेक कालव फोडून आतलं काढतात. चित्रात अशा सात बायका होत्या, काळ्या खडपांवर, म्हणजे त्या खडकांवर, वाकलेल्या, लुगडी वर खोचलेल्या, शेजारी ॲल्युमिनियमची पातेली. मागे दूरवर गेलेला समुद्र. आणि कालवं. मला चित्रातलं काही कळत नाही, पण ती कालवं मी रोज बघायचो. राखाडी, पांढरी, कडेला हिरवट, आतून मोत्यासारखी ओली चमक. हात लावला तर कापेल असं वाटायचं.

"लोक समुद्र काढतात म्हणजे काय काढतात?" बाई म्हणायच्या. "एक होडी, एक नारळ, एक मावळता सूर्य. जसं काही तिथे कोणी राहातच नाही. आमच्या घराच्या भिंतीचा चुना कालवांच्या शिंपल्यांचा. ताटात कालवं. पाव्हणा आला तर कालवं, बाळंतिणीला कालवं. आणि मी मुंबईला चित्रकला शिकले ती कशावर? माझ्या आईने खडपावर बसून कालवं फोडली त्यावर. तिचे हात बघा एकदा. मग मला नारळ काढायला सांगा."

चित्र तिच्यासाठीच चाललं होतं. हे बाईंनी कधी लपवलं नाही. आई पंच्याऐंशीच्या पुढे गेलेली, गावी धाकट्या मुलाकडे, आणि घाट चढून वर कधी आलेली नाही. पोर शिकली, मास्तरीण झाली, हे तिला ठाऊक होतं, पण तिच्या हातून काय होतं ते तिने पाहिलेलं नव्हतं. बाईंना तिच्याकडून एकच ऐकायचं होतं, की हो, हे असंच होतं. बाकी जगाने काय म्हणावं याची त्यांना फिकीर नव्हती.

दोन वर्षांपूर्वी शाळेचं नवं सभागृह बांधून झालं आणि योगायोगाने बाईंची निवृत्तीही त्याच जानेवारीत आली. समोरच्या भिंतीवर बाईंचं चित्र लावावं असं संस्थेच्या बैठकीत ठरलं. मुख्याध्यापकांना एकच चिंता होती. ते बाईंना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाई, कालवं म्हणजे... मांसाहारच झाला ना तो?"

"ऑफिस," बाई म्हणाल्या, "भिंतीला लावायचंय. वाढायचं नाहीये."

उद्घाटनाला आठ दिवस असताना बाईंच्या भाच्याने आजींना गाडीने आणून सोडलं. ठेंगणी, काटक, काष्ट्याचं लुगडं, खांद्यावर मुलीने घेऊन दिलेली शाल. हात मी मुद्दाम बघितले. बोटांवर बारीक पांढऱ्या रेघा होत्या, असंख्य, जुन्या. कालवांच्या कडांनी कापलेल्या. बाई त्यांना थेट चित्रकलेच्या वर्गात घेऊन आल्या. मी होतो, मुख्याध्यापक होते आणि आमचे शिपाई मामा होते. मामा पेठकडचे, समुद्र त्यांनी बघितलेला नाही, पण या चित्रावरची धूळ नऊ वर्षं त्यांनीच झटकली होती, त्यामुळे त्यांचाही त्यावर हक्क होता.

आजी चित्रासमोर उभ्या राहिल्या. बाई त्यांच्या मागे, हात एकमेकांत गुंफून, तोंडी परीक्षेला उभ्या असलेल्या पोरीसारख्या. मी बाईंना असं कधी पाहिलं नव्हतं.

"कालवं बरोबर हायत," आजी म्हणाल्या. "कोयती बरोबर. ही आमच्यातल्या शेवंताची ढब, हुबेहूब." मग जवळ गेल्या, मागे आल्या. "येळ चुकली गो बाय."

"वेळ?"

"सावली बग. पायाखाली हाय. म्हंजे भर दुपार. आनि पानी पार त्या लांबच्या खडपापल्याड गेलंय. भर दुपारच्याला पानी तितकं कदी उतरतंय?"

मी तिथे उभ्या उभ्या लाजेने काळा पडलो. कारण हे मी दरवर्षी नववीला शिकवतो. फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी काढून शिकवतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हाच पाणी लांबवर ओसरतं, आणि त्या दिवसांत कोकणात ओहोटी येते सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी. दुपारी बाराला ओहोटी येते ती अष्टमीच्या सुमाराला, तेव्हा भांग असते, म्हणजे उधाणाच्या उलट, पाणी जेमतेम काठ सोडतं. लांबची खडपं आणि डोक्यावरचा सूर्य एकत्र भेटूच शकत नाहीत. नऊ वर्षं मी त्या चित्रासमोर बसून चिवडा खाल्ला होता. रोज पाऊणपट करणाऱ्या बाई आणि पदवीधर मी, दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"पण मी बघितलंय, आये," बाई म्हणाल्या. "ऊन मला आठवतंय. माझे पाय भाजायचे."

"ते तू अष्टमी-नवमीचं बगितलंस. सुट्टी असली की तुला न्यायची मी, ती काठाच्या खडपात. लांबच्या खडपात पोर घिऊन कोन जातंय? तितं आमी पुनवेला, अवसेला जायचो, फटफटायच्या आत. तू कुटं बगितलंस ते? तवा तू झोपलेली असायचीस."

आजी हे साधेपणाने म्हणाल्या. त्यांना माहीत नव्हतं की हा प्रश्न या वर्गात किती पोरांना विचारला गेलाय. बाई बाकावर बसल्या. पोरांचा लहान बाक, गुडघे वर आले.

मुख्याध्यापकांनी आपल्या परीने सावरायचा प्रयत्न केला. "बाई, कोणाला कळणार आहे? आठ दिवस राहिलेत. उजेड छान आलाय चित्रात, लोकांना असंच आवडतं. आणि वेळेत झालं नाही तर मला तिथे फ्लेक्स लावावा लागेल, संस्थेने सांगूनच ठेवलंय."

"तुम्ही जा, ऑफिस," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. मुख्याध्यापक गेले.

मग बाई उठल्या, रंगांची पेटी उघडली आणि नऊ वर्षांचं ऊन पुसायला घेतलं. मी म्हटलं, बाई, एक दिवस विचार करा. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "आये, बस इथे," त्या म्हणाल्या. "सांग."

त्या आठवड्यात फळ्यावर तिथी लिहिली गेली नाही. भरती काय नि ओहोटी काय, बाई सकाळी शाळा उघडण्याआधी येत आणि मामा कुलूप घेऊन उभे राहिले तरी हलत नसत. मी माझे तास उरकून त्यांचे तास घेत होतो. मला माणसाचं नाक काढता येत नाही, पण वर्ग गप्प ठेवता येतो. आजी खुर्चीत शाल गुंडाळून बसत आणि सांगत जात. बाई विचारत आणि रंगवत.

"सूर्य कुठे असायचा?"

"सूर्य कुठला. तो डोंगराच्या मागं. आमच्या पाटीमागं. उजेड पयला लांबच्या खडपाला लागायचा, आमी आपल्या सावलीतच."

म्हणजे मागच्या बायका उजेडात आणि पुढच्या अंधुकात. सगळं उलटं. बाईंनी पुढच्या चार बायकांवरचं ऊन काढून टाकलं. निळसर करड्या झाल्या त्या.

"आनि चांद कुटं हाय?"

"चंद्र?"

"पुनव झाली की सकाळच्याला चांद समुद्रावर असतोय. बुडायला आलेला. त्याच्याकडं बगूनच तर जायचो."

बाईंचा ब्रश थांबला. मी खिडकीशी वह्या तपासत होतो, माझंही पेन थांबलं. बरोबर होतं. पौर्णिमेनंतरच्या सकाळी पूर्वेला सूर्य येताना पश्चिमेला चंद्र मावळत असतो. हेही मी शिकवतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी काय शिकवतो.

एकदा आजी खुर्चीतून उठून थेट फरशीवर उकिडव्या बसल्या आणि कोयती कशी धरायची, मनगट कुठे वळवायचं ते दाखवलं. पंच्याऐंशी उलटलेलं मनगट सुरीसारखं फिरलं. मामांना राहवलं नाही. "आजे, येवढ्या पाण्यात भ्याव नाय वाटत?"

"वाटंल की. म्हून एकजन उभी असायची. ती कालवं फोडत नाय. ती नुसती पान्याकडं बगती. पानी फिरलं की वरडती, मग सगळ्यांनी उटायचं. तिचा वाटा बाकीच्यांनी काडून द्यायचा."

बाई हळूच म्हणाल्या, "माझ्या चित्रात सगळ्या वाकलेल्या आहेत."

"मंग कोन बगतंय पान्याकडं? बुडतील की गो सगळ्या."

त्या रात्रीपुरतं तरी झोपा, असं सांगून मी घरी गेलो. सकाळी आलो तेव्हा मधल्या खडपावर आठवी बाई उभी होती. आपल्याकडे पाठ, समुद्राकडे तोंड, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, हात रिकामे. तिचा चेहरा दिसत नव्हता. आजींनी तिच्याकडे बघितलं आणि काही म्हणाल्या नाहीत. त्यानंतरचे तीन दिवस त्या वर्गात आल्याच नाहीत. बाईंनीच येऊ दिलं नाही. आता जे काय आहे ते एकदम भिंतीवरच बघ, म्हणाल्या.

उद्घाटनाच्या दिवशी आम्ही सहा जणांनी ते चित्र सभागृहात नेलं. रंग ओला होता. तैलरंग आठवड्यात वाळत नाही, महिना लागतो. बाई पुढे चालत होत्या आणि जो कोणी कडेला बोट लावेल त्याचं काय करतील ते सांगत होत्या. पडदाही चित्राला टेकणार नाही असा हातभर पुढे बांधला. मुख्याध्यापकांनी फ्लेक्स छापूनच घेतला होता, तो गुंडाळी करून व्यासपीठामागे तयार होता. मला ती गुंडाळी दिसत होती. चित्र मला आवडलं होतं, पण माझ्या आवडण्याला तिथे काय किंमत. आजी पुन्हा एकदा येळ चुकली म्हणाल्या असत्या तर बाईंच्या हाती आता आठ दिवसही नव्हते. नोकरीच संपत होती.

सभागृह भरलेलं. पालक, पोरं, माजी विद्यार्थी. मेथीवाली मुलगी नवऱ्याला घेऊन आली होती. पाहुण्यांनी दोरी ओढली. पडदा सरकला आणि लोकांच्या तोंडून आवाज आला, मोठा, खोल. मग टाळ्या सुरू झाल्या. बाई चित्राकडे बघत नव्हत्या. त्या पहिल्या रांगेत बसलेल्या आईकडे बघत होत्या.

आजी उठल्या. कोणी धरायला गेलं तर हात झिडकारला. व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढून चित्राच्या अगदी जवळ गेल्या. आधी चंद्र पाहिला. मग लांबच्या खडपावरचा उजेड. मग पाणी. पाण्याकडे फार वेळ बघत होत्या. टाळ्या आपोआप विरल्या. पाहुणे माइक घेऊन पुढे आले आणि म्हणाले, "आजी, दोन शब्द सांगा."

आजींनी माइककडे लक्ष दिलं नाही. मुलीकडे वळून म्हणाल्या, "पुनवेच्या दुसऱ्या दिवसाचं पानी."

"हो," बाई म्हणाल्या.

"अजून घटकाभर हाय. मंग फिरंल."

"हो, आये."

माझ्या शेजारी बसलेल्या मामांनी माझा हात गच्च धरला. बाईंनी नेमका तोच दिवस, तीच वेळ रंगवली होती. कोणाला सांगितली नव्हती, मलासुद्धा नाही. आजींनी ती पाण्यावरून वाचली. मला इतका आनंद झाला की मी उभाच राहिलो, मागच्यांना दिसत नाही हे लक्षात न येता.

मग आजी लोकांकडे वळल्या. खडपावरून किनाऱ्यापर्यंत पोचणारा आवाज तो, माइकची गरजच नव्हती. "आमी जायचो तवा ही झोपलेली असायची," त्या म्हणाल्या. "इतकी वरसं एकली जात हुते मी. आता आली माज्या बरोबर."

मग सगळं सभागृह उठलं. मुख्याध्यापक डोळे पुसत टाळ्या वाजवत होते आणि फ्लेक्सची गुंडाळी त्यांच्या पायाखाली आली होती. बाई उठल्या, व्यासपीठावर गेल्या आणि आईच्या शेजारी उभ्या राहिल्या, चित्राकडे तोंड करून. टाळ्या थांबत नव्हत्या. त्या दोघींपैकी एकीनेही वळून पाहिलं नाही.